चीनचं चूलबंद आवतन

“तिकडं थंडी राह्यते का वो?”

आत्याबाईंनी एवढंच विचारलं. बशीतल्या चहावर फुंकर घालत, अगदी सहज. आणि माझ्या काळजात धस्स झालं.

आता माझ्या काळजात कशानेही धस्स होतं, हे मान्य. कुकरची शिट्टी झाली तरी होतं. दारात कुरिअरवाला आला की ‘आपण तर काही मागवलं नव्हतं, मग हा कोण?’ इथून माझी सुरुवात. त्यामुळे आमच्या घरात माझ्या धस्सला कुणी भाव देत नाही. पण हे धस्स खरं होतं हो! तुम्हीच सांगा, ज्या माणसाला चीनला जायचंच नाही, तो तिथल्या थंडीची चौकशी कशाला करेल?

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल, ही बाई बह्याड आहे. ते शेवटी वाटू द्या. आधी नीट ऐका.

माझ्या नवऱ्याचं, नितीनचं, सिहोऱ्यात पंप आणि पाइपचं दुकान आहे. आमच्या भागात धान, धानाला पाणी, पाण्याला पंप. दुकान बरं चालतं. यंदा इतकं बरं चाललं की पंपाच्या कंपनीनं कळवलं, नाताळच्या सुट्टीत डीलर लोकांची सहल आहे, नवरा-बायको आमच्याकडून, पोरं न्यायची तर तुमच्याकडून. कुठे? चीनला. शिआनला!

बाकीच्या डीलरांना बँकॉकची आस. शिआन ऐकून निम्म्यांचे चेहरे पडले. “तिथं काय हाये?” म्हणे. मी मात्र स्वयंपाकघरात गोल गोल फिरले. अहो, मी इतिहासात एम.ए.! त्या डिग्रीचा आजवर झालेला एकमेव उपयोग म्हणजे लग्नाच्या बायोडेटात एक ओळ वाढली. आणि आता शिआन! जुनी राजधानी. शहराभोवती इतकी रुंद तटबंदी की तिच्यावर लोक सायकली चालवतात. आणि जमिनीखाली उभी असलेली मातीच्या सैनिकांची अख्खी फौज!

त्या फौजेचं चित्र माझ्या मुलीनं, ओवीनं, कुठल्याशा पुस्तकात पाहिलं आणि तिसरीतल्या त्या पोरीला दुसरं काही सुचेना. सैनिकांची चित्रं काढून भिंतीवर चिकटवली. प्रत्येकाला नाव दिलं. एकाचं नाव चक्क नितीन, कारण म्हणे त्याचं पोट पुढे आलेलं आहे. खराट्याच्या काड्या धुऊन तिनं त्या काड्यांनी पोहे खायची प्रॅक्टिस सुरू केली. तिचं पाहून धाकटा वेदू काड्यांनी वरण खायला लागला. आमच्या फरशीनं त्या दिवसांत बरंच वरण खाल्लं.

सहलीचं सगळं नियोजन माझ्याकडे आलं. “तू शिकलेली आहे न,” नितीन म्हणाला. या घरात मी शिकलेली असते ती फक्त अशा वेळी.

सासूबाईंनी त्यांच्या परीनं तयारी चालवली होती.

“तांदूळ किती बांधून देऊ वो?”

“आई, चीनमध्ये तांदूळ मिळतो. ते लोक भात खातात.”

“खात असन. पण आपला तं नसन न!”

खरं तर शिआनकडे भातापेक्षा नूडल्सच जास्त खातात. पण ते सांगितलं असतं, तर त्यांनी सरळ पोतंच बांधलं असतं.

तर आमच्याकडे मोठ्या माणसांना सांगितल्याशिवाय कुणी लांब जात नाही. म्हणून एका रविवारी आम्ही नाकाडोंगरीला गेलो, आत्याबाईंकडे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची सख्खी बहीण. त्यांचा मुलगा प्रमोद, सून, नातवंडं आणि एक म्हैस असं ते घर. आणि सगळे, म्हैस धरून, आत्याबाईंच्या शब्दाबाहेर नाहीत.

इथे एक रीत समजून घ्या. ‘आमी अमुक ठिकाणी चाललो’ असं नुसतं सांगून आमच्याकडे चालत नाही. मागोमाग ‘चला न तुमीही’ म्हणावंच लागतं. ऐकणाऱ्यानं ‘नाही जी, आमी कोठी येतो! या तुमी जाऊन’ म्हणायचं असतं. मग आपण आणखी आग्रह करायचा, त्यांनी आणखी नाही म्हणायचं, आणि शेवटी सगळ्यांनी समाधानानं चहा प्यायचा. कुणी कुठे जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे नाटक असंच सुरळीत चालू आहे. दोन्ही बाजूंना आपापली वाक्यं पाठ!

मी माझं वाक्य म्हटलं. “चला न आत्याबाई तुमीही!”

आणि आत्याबाईंनी, आपलं वाक्य म्हणायच्या जागी, थंडीचं विचारलं.

मी गडबडले. गडबडलेलं माणूस गप्प बसतं. मी बसत नाही. मी बोलते.

“हो हो, राह्यते न थंडी! खूप राह्यते! पण तुमी चलाच. एकट्या नाही, घरच्या सगळ्यांनी चला. चूलबंद आवतन समजा!”

चूलबंद म्हणजे काय, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. लग्नकार्याला कुणाला एकट्याचं आवतन असतं, कुणाला जोडप्याचं. आणि ज्यांना अगदी जवळचं मानायचं, त्यांना चूलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही. तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळे आमच्याकडे. सोय आमची, सरबराई आमची, खर्च आमचा. आणि दिलेलं चूलबंद परत घ्यायचं झालं तर? त्यापेक्षा गाव सोडलेलं बरं.

हे आवतन लोक बारशाला देतात, लग्नाला देतात. परदेशाच्या सहलीचं चूलबंद देणारी अख्ख्या झाडीपट्टीत मीच पहिली!

नितीनच्या हातातली बशी हवेतच थांबली. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अंगणातल्या म्हशीकडे. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. फक्त सुनेला हाक मारली, “पोरीले अजून चहा दे वो.”

परत येताना गाडीत नितीननं आधी गाव मागे पडू दिलं. मग एकदम फुटला.

“चूलबंद?”

“तोंडातून निघालं.”

“चीनचं चूलबंद? अवं, मी पंप विकतो. विमानं नाही विकत!”

“मग तुम्ही तेव्हाच काहून नाही बोलले?”

“काय बोलू? चूलबंद दिल्यावर मधात बोलते का कोणी?” मग जरा शांत होऊन म्हणाला, “जाऊ दे. आत्या येत नसते. तिले तुमसरले चल म्हटलं तरी तिचं डोस्कं दुखते.”

मला जरा बरं वाटलं. दोन दिवस टिकलं ते.

मग प्रमोदनं मोबाइलवर स्टेटस ठेवलं. फोटो स्टुडिओत अख्खं घर! मागे पांढरा पडदा, सगळ्यांचे केस चापून बसवलेले, एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. पासपोर्टच्या फोटोत सज्जन माणूससुद्धा जसा फरार गुन्हेगार दिसतो, अगदी तसे सगळे. आत्याबाई तर टोळीच्या म्होरक्या.

“अहो, हे पाहा! पांढरा पडदा!”

“मंग?”

“मंग काय? कान दिसून राहिले सगळ्यांचे!”

नितीननं नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला.

त्यानंतर सासूबाई तुमसरच्या बाजारातून आल्या त्या तोंड फुगवूनच. पिशवी आदळली.

“नंदबाई भेटल्या बजारात. सेटर घेऊन राहिल्या होत्या. एक नाही, घरच्या सगळ्याईले. मी म्हटलं, एवढे कायले वो? तं म्हनतात, थंडी हाये न!” मग माझ्याकडे वळून, “मी सख्खी सासू. मले चीनले कोनी पुसलं नाही. अन् नंदेले चूलबंद!”

“आई, मी म्हटलं होतं की तुम्हाला! तुम्हीच म्हणाल्या, मी नाही येत.”

“तं एकदा म्हनून सोडून देतात का मानसाले?”

झालं! मग मी सासूबाईंना आग्रह केला. त्या नाही म्हणाल्या. पुन्हा केला. पुन्हा नाही म्हणाल्या, गुडघ्यांचं कारण सांगून. आणखी एकदा केला, तेव्हा त्या खूश होऊन भाजी निवडायला गेल्या. पाहिलंत? किती सोपं असतं, समोरच्याला आपलं वाक्य येत असलं की!

मी आत्याबाईंना फोन लावला. म्हटलं, गोडीगुलाबीनं अंदाज घेऊ. रिंग पूर्ण वाजली, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. नाकाडोंगरीला जंगल लागून आहे, रेंज येते-जाते. पण रिंग तर ठणठणीत वाजत होती! प्रमोदला लावला.

“आई आंघोळीले गेली, वहिनी.”

दुपारी लावला. “आई आंघोळीले गेली.”

संध्याकाळी लावला. आंघोळ! नदीत राहतात का आत्याबाई?

मग मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांपासून देवानं तुम्हाला लांब ठेवावं. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘शिआनला भयंकर थंडी आहे. वयस्कर माणसांनी विचार करूनच जावं. तटबंदीवर फार चालावं लागतं. जेवणात काय वाढतील सांगता येत नाही.’ म्हटलं, वाचून तरी घाबरतील.

लगेच प्रमोदचं उत्तर: ‘आई रोज धानाच्या बांधा-धुऱ्यावरून चालते वहिनी. नो टेन्शन.’ खाली हसरा चेहरा.

आणि त्याच्या पाठोपाठ आसगावच्या काकाजींचा फोन. हे माझे चुलत सासरे. मेसेज त्यांनीही वाचलेला, आणि चूलबंदची बातमी तर आधीच भावकीत फिरलेली.

“काहून वो सूनबाई, आत्याले चूलबंद अन् आमाले खबर बी नाही?”

“नाही नाही काकाजी, तसं नाही… अहो तुमीही चला न!”

समोर बसलेल्या नितीननं कपाळावर हात मारून घेतला. पण काकाजी जुने खेळाडू. “नाही वो माय! धानाचा चुरना लागला हाये. मळणी टाकून कोठी येतो? या तुमी जाऊन.”

मी फोनला नमस्कार केला. असं! असं नाही म्हणतात! शिकवा कुणीतरी नाकाडोंगरीत!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सावरले असते. पण दुसऱ्या दिवशी नितीन दुपारच्या जेवणाला आला तो पाय ओढतच.

“दुकानात नाकाडोंगरीचं गिऱ्हाइक आलतं.”

“मग?”

“आत्यानं म्हैस इकली.”

माझ्या हातातली पोळी तव्याऐवजी ओट्यावर पडली. म्हैस! घरच्या माणसासारखी म्हैस! आता मला सांगा, सगळं घर परदेशात जाणार, मग मागे धार काढणार कोण? म्हणून विकली. माझ्या एका फुकटच्या ‘चला न’पायी त्या बाईनं म्हैस विकली! आता कोणत्या तोंडानं सांगू की आत्याबाई, ते आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं?

माझ्या इतिहासाच्या पुस्तकात होतं, त्या शहरातून फार पूर्वी एक भिक्षू निघाला आणि वाळवंटं, डोंगर ओलांडत चालत आपल्या देशात आला. तो कसा पोहोचला, हे मला आता कळलं. त्यानं निघताना कुणाला ‘चला न’ म्हटलं नसणार!

त्यात कंपनीचा निरोप: येणाऱ्यांची नावं आज संध्याकाळपर्यंत पक्की कळवा. नंतर बदल नाही.

मी पुन्हा फोन लावला. रिंग, रिंग, रिंग. मग तवा उतरवला आणि नितीनसमोर बसले.

“पोरांचं अन् माझं नाव नका देऊ. तुम्ही एकटेच जा. म्हणजे हे कंपनीचं काम झालं. घरचेच जात नाहीत म्हटल्यावर चूलबंद आपोआप मिटलं. पोरांची परीक्षा आहे, सांगू.”

“नाताळात कोणती परीक्षा?”

“तुम्ही मला दुसरं काही सुचवा!”

 बोलली ती ओवी. ती दारात उभी होती, हे आम्ही पाहिलंच नव्हतं.

“आई, तू आत्याआजीला बोलावलंस म्हणून आपण नाही जायचं का?”

 एम.ए.ला असले प्रश्न येत नाहीत. ती रडलीसुद्धा नाही. भिंतीजवळ गेली आणि एकेक सैनिक हळूच सोडवायला लागली, कोपरे फाटू न देता. नितीन नावाच्या सैनिकावर आली तेव्हा आमचा खरा नितीन उठून अंगणात गेला. वेदूनं काही न विचारता आपल्या काड्या परत खराट्यात खोचल्या. त्यांवर वाळलेलं वरण होतं.

मी मोबाइल उचलला. आता गोडीगुलाबी नाही. आत्याबाई, माझं चुकलं, असं स्पष्ट सांगायचं. मग आयुष्यभर भावकीत नाक कापलेली सून म्हणून राहायला लागलं तरी चालेल. लावला. रिंग पूर्ण वाजली.

नाही उचलला!

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. प्रमोद! एकटाच. हातात कापडी पिशवी. मी दारातच त्याला धरलं.

“प्रमोद भाऊजी, तुमचे पासपोर्ट आले का?”

“कायचे?”

“पासपोर्ट! ते फोटो काढले न सगळ्यांनी?”

“ते होय! पोट्ट्यांचे शाळेत मागत होते, आईचे ब्यांकेत मागत होते. म्हटलं, एकदाच सगळ्याईचे काढून टाकू.”

“अन् स्वेटर?”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. “वहिनी, हिवाळा हाये.”

“अन् ग्रुपवर ते ‘नो टेन्शन’?”

“ते मजाक होती.”

“अन् म्हैस?”

“आटली होती. दुसरी पाहून राहिलो. काहून, तुमाले पायजे होती का?”

मी तिथंच दाराच्या ओट्यावर बसले. प्रमोदनं पिशवीतून दोन लोकरीच्या टोप्या काढल्या. एक लाल, एक पिवळी. वर गोंडे, कानांवर झाकण्या. “आईनं इनल्या तुमच्या पोट्ट्याईसाठी. त्या दिवशी थंडीचं पुसलं न तुमाले, तवापासून सुया खाली नाही ठेवल्या तिनं.”

आता पाहा! थंडीची चौकशी माझ्याच लेकरांसाठी होती. आणि मी त्या बाईला टोळीची म्होरकी ठरवून बसले होते!

“मग आत्याबाई फोन काहून नाही उचलत?”

प्रमोद चुळबुळला. गोंडा कुरवाळला. शेवटी म्हणाला, “राग नोका धरू वहिनी. आई भेते तुमाले.”

“मला?”

“म्हनते, ते पोरगी लय आग्रह करते. एकडाव चूलबंद म्हटलं तं मी चहाचं नाव काढून टाळलं. आता अजून म्हनन तं मले नाही म्हनता येनार नाही. अन् विमानाचं तिले भेव वाटते. तुमचा फोन वाजला का मोबाइल उशीखाली दाबून ठेवते. आमाले सांगून ठेवलं, आंघोळीले गेली म्हना.”

अंगणातून नितीनचं हसणं ऐकू आलं. इतकं मोठ्यानं की सासूबाई जपाची माळ टाकून बाहेर आल्या. तिकडे आत्याबाई माझ्या आग्रहाला भिऊन उशीखाली फोन दाबताहेत, आणि इकडे मी त्यांच्या येण्याला भिऊन पोरांची सहल बुडवते आहे! नितीननं तिथल्या तिथे, दम न घेता, कंपनीला नावं कळवली. माझं, ओवीचं, वेदूचं. ओवीनं टोपी घालून सैनिक परत चिकटवले, या वेळी दुप्पट गोंद लावून.

प्रमोदनं घरी बायकोला फोन करून सांगितलं, “आईले म्हन, वहिनीचा फोन आला तं उचल. काही म्हनत नाहीत त्या.”

मग नितीननं मला समोर बसवलं. लहान मुलाला शाळेत पाठवताना सांगतात, तसं सांगितलं.

“टोप्या मिळाल्या. छान आहेत. थँक्यू. ठेवते. एवढंच. पुढं एक अक्षर नाही. म्हणून दाखव.”

मी म्हणून दाखवलं. अगदी चोख.

फोन लावला. रिंग वाजली, आणि लगेच, पहिल्यांदाच, पलीकडून आवाज आला.

“हव, बोल वो सूनबाई.”

“आत्याबाई, टोप्या मिळाल्या. छान आहेत.”

“बसल्या का डोक्यावर?”

“बसल्या. थँक्यू.”

इथे ठेवायचा होता. नितीन हातानं खुणा करत होता, ठेव, ठेव. पण पलीकडे आत्याबाई गप्प झाल्या. आणि तुम्हाला सांगितलंच की, मी गडबडले की माझं काय होतं! शिवाय, इतक्या मायेनं टोप्या विणणाऱ्या माणसाला नुसतं थँक्यू? बरं दिसतं का ते?

“पण तुमी नाही येत म्हणजे काय आत्याबाई? असं कुठं असते का? चला न!”

नितीन मटकन खाली बसला.

 पलीकडून विणायच्या सुया बाजूला सारल्यासारखा आवाज, आणि एक लांब सुस्कारा.

“आता एवढी म्हनून रायली तं…” आत्याबाई म्हणाल्या, “लोकर उरली हाये. माह्यासाठी बी एक इनतो मंग.”